पाऊस, कवडी आणि संभाव्यता

(बी. ए. भाग दोन, अर्थशास्त्र)

पूर्ण खात्री दाखवण्यासाठी आपल्या भाषेत ‘सोळा आणे’ असा एक नेमका शब्दप्रयोग आहे. एखादी गोष्ट शंभर टक्के खरी असली की आपण ती ‘सोळा आणे खरी’ म्हणतो. १९५७ साली दशमान नाणी आली आणि व्यवहारातून आणे हळूहळू गेले. पण आमच्या मंगळवेढ्याच्या शिवारात ते अजून चालतात. आभाळ भरून आले की म्हातारी माणसे म्हणतात, “आज पाऊस बारा आणे हाय.” म्हणजे येण्याची आशा बरीच, पण पक्की खात्री नाही. सोळापैकी बारा म्हणजे पाऊण. संख्याशास्त्राच्या पुस्तकात हीच गोष्ट ०.७५ अशी लिहितात आणि तिला ‘संभाव्यता’ असे भारदस्त नाव देतात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पुस्तकातला एखादा शब्द अडला तर घरी कोणाला विचारावा अशी सोय नाही. त्यामुळे प्रत्येक नवी संज्ञा घरच्या बोलीत कुठे बसते ते पाहायची मला सवय लागली आहे. संभाव्यतेचे प्रकरण सुरू झाले तेव्हा वर्गातल्या पुष्कळ जणींनी ‘हे पत्त्यांचे आणि फाशांचे गणित आपल्या काय कामाचे?’ असे म्हणून पुस्तक मिटले. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मला असे वाटते की ज्यांची शेती पावसावर आहे आणि ज्यांचे वर्षाचे पोट एका पेरणीवर आहे, त्यांच्या घरात हे गणित सर्वांत आधी पोचायला हवे.

संभाव्यता म्हणजे काय?

ज्या कृतीचे फळ आधी सांगता येत नाही, पण कोणकोणती फळे मिळू शकतात हे सांगता येते, तिला यादृच्छिक प्रयोग म्हणतात. नाणे उडवले तर छाप किंवा काटा. फासा टाकला तर एक ते सहा. या सर्व शक्य फळांच्या यादीला नमुना अवकाश म्हणतात आणि त्या यादीतला आपल्याला हवा असलेला भाग म्हणजे घटना. सर्व फळे सारखीच शक्य असतील, तर घटनेला अनुकूल फळांच्या संख्येला एकूण फळांच्या संख्येने भागायचे. येणारा भागाकार ही त्या घटनेची संभाव्यता. फाशावर सम संख्या पडण्याची संभाव्यता तीन भागिले सहा, म्हणजे अर्धी. आण्यांच्या भाषेत आठ आणे.

हा आकडा शून्यापेक्षा कमी किंवा एकापेक्षा जास्त कधीच येत नाही. अशक्य घटनेची संभाव्यता शून्य, निश्चित घटनेची एक, म्हणजेच सोळा आणे. घटना घडण्याची आणि न घडण्याची संभाव्यता मिळून नेहमी एक होते. पाऊस येण्याची आशा बारा आणे असेल, तर न येण्याची धास्ती चार आणे असलीच पाहिजे. हा साधा नियम पुढे फार उपयोगी पडतो, कारण बोलताना आपण बारा आण्यांचा उच्चार करतो आणि उरलेल्या चार आण्यांना विसरतो.

इथे एक खुलासा करायला हवा. महसूल खात्याची आणेवारी, जिला आता पैसेवारी म्हणतात, ती वेगळी. पीक नेहमीच्या मानाने किती आले, ते पैसेवारी सांगते. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की टंचाईच्या सवलतींचा विचार होतो. संभाव्यता मात्र पीक येण्यापूर्वीची आशा मोजते. एक झाल्याचा हिशेब आहे, दुसरा होण्याचा.

कवडीचा धडा

वर ‘सर्व फळे सारखीच शक्य असतील तर’ अशी एक अट सहज लिहिली. सारी गोम तिथेच आहे. नाण्याच्या दोन बाजू सारख्या असतात म्हणून छाप आणि काटा यांना आठ-आठ आणे वाटून देता येतात. पण आमच्याकडे पट खेळतात तो कवड्यांनी. कवडीची एक बाजू फुगीर, दुसरी चपटी आणि चिरेची. ती उताणी पडेल किंवा पालथी, फळे दोनच. म्हणून संभाव्यता अर्धी-अर्धी म्हणायची का? कवड्या घेऊन बसा आणि शे-दोनशे वेळा टाकून वहीत खुणा करा. दोन्ही बाजू सारख्या पडतील असे धरून चालायला काही आधार नाही, हे तुम्हालाच दिसेल. फळे दोन आहेत एवढ्यावरून ती समान होत नाहीत. ‘पास होईन किंवा नापास होईन, म्हणजे फिफ्टी-फिफ्टी’ असे म्हणणारा विद्यार्थी हीच चूक करतो.

मग कवडीची संभाव्यता काढायची कशी? टाकत राहून. एकूण टाकण्यांपैकी किती वेळा उताणी पडली याचे प्रमाण काढायचे. सुरुवातीला हे प्रमाण फार हेलकावे खाते. दहा टाकण्यांत ते कुठेही असू शकते. पण शंभर, पाचशे, हजार असे पुढे गेले की ते एका आकड्याभोवती स्थिरावते. तो आकडा म्हणजे त्या कवडीची संभाव्यता. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या ब्युफाँने नाणे ४०४० वेळा उडवले, तेव्हा २०४८ वेळा छाप आला. पुढे इंग्लंडमधल्या कार्ल पिअर्सनने २४००० वेळा उडवले आणि १२०१२ छाप मोजले. पहिल्याचे प्रमाण ०.५०६९ आणि दुसऱ्याचे ०.५००५. टाकणी वाढली तसे प्रमाण निम्म्याच्या आणखी जवळ गेले. यामागचा सिद्धांत जेकब बर्नुलीने सिद्ध केला आणि त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याला मोठ्या संख्यांचा नियम म्हणतात.

पाऊस नाण्यासारखा नाही, कवडीसारखा आहे. त्याच्या बाजू सारख्या नाहीत, आणि किती आहेत तेही बघून सांगता येत नाही. मागच्या अनेक वर्षांच्या नोंदी हाच त्याचा हिशेब. म्हणून पर्जन्यमापकातले रोजचे मिलिमीटर लिहून ठेवणारा कारकून मला फार मोठे काम करणारा माणूस वाटतो. तो एका परीने कवडीच्या खुणाच करीत असतो.

नळराजा ते पास्कल

फासे टाकणे आपल्याला नवे नाही. महाभारतातल्या वनपर्वात नळाची कथा आहे. द्यूतात राज्य गमावलेला नळ बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे न तोडता, नुसत्या नजरेने सांगतो. नळ ती मोजून पाहतो आणि संख्या बरोबर निघते. मग अश्वविद्येच्या मोबदल्यात राजा त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म शिकवतो. प्राचीन काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत. झाडाचा अंदाज घेणे आणि फाशाचे मर्म जाणणे या दोन विद्या कथाकाराने एकाच माणसाजवळ ठेवल्या, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आजही नमुना निवड आणि संभाव्यता ही संख्याशास्त्रात एकमेकींना लागून येणारी प्रकरणे आहेत.

पण आपल्याकडे त्या मर्माचे सूत्र लिहून उरले नाही. सूत्रांचा आरंभ मानतात तो १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारापासून. जुगाराचा शौक असलेल्या शव्हालिए द मेरे याने पास्कलला काही कोडी घातली होती. त्यांतले एक असे सांगतात: एक फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा सहा पडेल ही पैज फायद्याची ठरते, मग दोन फासे चोवीस वेळा टाकून निदान एकदा दोन्हींवर सहा पडतील, ही पैज का फायद्याची ठरत नाही? उत्तर उलट्या बाजूने काढले की सोपे जाते. एका टाकणीत सहा न पडण्याची संभाव्यता ५/६. चारही वेळा न पडण्याची ६२५/१२९६. एकातून ती वजा केली की ६७१/१२९६, म्हणजे सुमारे ०.५१८. निम्म्याहून थोडी जास्त. दुसऱ्या पैजेत हाच हिशेब सुमारे ०.४९१ येतो. निम्म्याहून थोडी कमी. डोळ्यांना न दिसणारा हा फरक गणिताला दिसला. ‘निदान एकदा’ असा शब्द प्रश्नात आला की एकातून ‘एकदाही नाही’ची संभाव्यता वजा करावी, ही युक्ती परीक्षेसाठीही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बेरीज आणि गुणाकार

आमच्या वर्गात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो इथे. केव्हा मिळवायचे आणि केव्हा गुणायचे?

‘किंवा’ असेल तिथे बेरीज. पण एक काळजी घ्यावी लागते. बावन्न पत्त्यांतून एक पत्ता ओढला. तो राजा किंवा बदाम असण्याची संभाव्यता किती? राजे चार, बदाम तेरा, म्हणून सतरा असे घाईने म्हणू नये. बदामचा राजा दोन्हीकडे मोजला गेला. तो एकदा वजा करायचा. उत्तर १६/५२. दोन्ही घटना एकाच वेळी घडणे शक्यच नसेल, उदाहरणार्थ राजा किंवा राणी, तर वजाबाकीचा प्रश्न येत नाही. अशा घटनांना परस्परवर्जक म्हणतात.

‘आणि’ असेल तिथे गुणाकार. इथे काळजी आणखी जास्त घ्यावी लागते. एका घटनेचा दुसरीवर परिणाम होत नसेल तर दोन्ही संभाव्यता सरळ गुणायच्या. अशा घटना स्वतंत्र होत. परिणाम होत असेल, तर पहिली घडली असे धरून दुसरीची संभाव्यता नव्याने काढावी लागते. तिला सशर्त संभाव्यता म्हणतात. ही गोष्ट पत्त्यांपेक्षा शेतात अधिक चांगली समजते.

हस्ताचा पाऊस

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचे कोठार. आमच्या काळ्या रानातल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ‘मालदांडी’ ज्वारीचा ३५-१ हा वाण आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर निवडला गेला. ही ज्वारी रब्बीची. सोलापूर जिल्ह्याचे सरासरी पाऊसमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोलाचा भाग पावसाळ्याच्या शेवटी, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत पडतो. काळी माती ती ओल पोटात धरून ठेवते आणि पुढे थंडीत त्याच ओलीवर कणीस भरते. म्हणून चाड्यावर मूठ धरताना सगळ्यांचे लक्ष हस्ताकडे असते.

आता समजा, एका शेतकऱ्याने वीस वर्षांची टिपणे ठेवली आहेत. आकडे समजुतीसाठी मी कल्पिले आहेत. वीस वर्षांपैकी बारा वर्षे हस्त चांगला पडला. त्या बारांत नऊ वर्षे पीक आले, तीन वर्षे गेले. आठ वर्षे हस्त कोरडा गेला. त्या आठांत दोन वर्षे पीक आले, सहा वर्षे गेले.

एकूण वीस वर्षांत पीक अकरा वेळा आले, म्हणून पिकाची साधी संभाव्यता ११/२०. पण हस्त पडून गेल्यावर कोणी विचारले, तर आता वीस वर्षांकडे पाहायचे कारण उरत नाही. फक्त हस्ताची बारा वर्षे पाहायची. उत्तर ९/१२, म्हणजे बारा आणे. हस्त कोरडा गेला असेल तर उत्तर २/८, म्हणजे चार आणे. शेत तेच, शेतकरी तोच, पण नवी माहिती हाती आल्याबरोबर संभाव्यता बदलली. सशर्त संभाव्यता म्हणजे एवढेच. हस्त पडणे आणि पीक येणे या घटना स्वतंत्र असत्या, तर दोन्ही वेळा ११/२० हेच उत्तर आले असते.

गुणाकाराचा नियमही इथे पडताळून पाहता येतो. हस्त पडेल आणि पीकही येईल याची संभाव्यता १२/२० गुणिले ९/१२, म्हणजे ९/२०. टिपणातही अशी वर्षे नऊच आहेत.

आता प्रश्न उलटा करू. एखाद्या वर्षी पीक आले एवढेच आपल्याला कळले. त्या वर्षी हस्त पडला असेल याची संभाव्यता किती? पिकाची वर्षे अकरा, त्यांतली हस्ताची नऊ, म्हणून ९/११. हे ९/१२ नव्हे. ‘हस्त पडल्यावर पीक’ आणि ‘पीक आल्यावर हस्त’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. वर्तमानपत्रांत आणि भाषणांत ही अदलाबदल फार होते. अमुक परीक्षेत यशस्वी झालेल्यांपैकी बहुतेकांनी अमुक शिकवणी लावली होती, अशी जाहिरात असते. शिकवणी लावलेल्यांपैकी किती यशस्वी झाले, ते मात्र तिथे लिहिलेले नसते.

फाशाला आठवण नसते

‘दोन वर्षे मारली, आता तिसरे देणारच.’ हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक दुष्काळात ऐकू येते. धीर देण्यासाठी ते ठीक आहे. पण त्या भरवशावर कर्ज काढले जाते, म्हणून ते तपासून पाहिले पाहिजे.

नाणे ओळीने पाच वेळा काटा पडले, तरी सहाव्या वेळी छाप पडण्याची संभाव्यता अर्धीच राहते. नाण्याला मागचे आठवत नाही. मग मोठ्या संख्यांच्या नियमाचे काय? शेवटी छाप-काटा सारखे होतात ना? होतात, पण जुनी तूट फेडून नव्हे. समजा पहिल्या दहा टाकण्यांत आठ छाप आले. पुढच्या हजार टाकण्यांत निसर्ग मुद्दाम काटे जास्त पाडीत नाही. तिथे साधारण पाचशेच छाप येतील. एकूण १०१० मध्ये ५०८, म्हणजे ०.५०३. जास्तीचे छाप कोणी परत घेतले नाहीत, ते मोठ्या संख्येत विरून गेले.

पाऊस अगदी नाण्यासारखा विसरभोळा असतो असे मी म्हणत नाही. समुद्राच्या तापमानासारख्या गोष्टींचा त्याच्यावर परिणाम होतो. पण मागे दोन वर्षे कोरडी गेली म्हणून तो आमचे देणे लागत नाही, एवढे नक्की. आमच्या कल्पित शेतकऱ्याच्या टिपणात पीक जाण्याची संभाव्यता ९/२० आहे. वर्षे एकमेकांपासून स्वतंत्र धरली तर ओळीने तीन वर्षे पीक जाण्याची संभाव्यता ७२९/८०००, म्हणजे अकरात सुमारे एक. ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. माणसाच्या एका आयुष्यात ती यायचीच. महाराष्ट्रात १९७० पासून पाऊस ओळीने कमी झाला आणि १९७२ च्या दुष्काळाने कळस गाठला. माझ्या आजोबांनी त्या साली बैलजोडी विकली आणि दुष्काळी कामावर खडी फोडली. सुकडीची चव ते अजून सांगतात. आपल्या हातून काही पाप घडले म्हणून तीन वर्षे ओळीने गेली, असे आमच्या आजीला वाटत असे. हा गुणाकार तिला कोणी समजावून सांगितला असता, तर निदान तेवढे एक ओझे तिच्या मनावरून उतरले असते.

याच समजुतीवर मटकाही जगतो. कापसाच्या भावाच्या आकड्यांवर सुरू झालेला हा जुगार बेकायदेशीर असूनही खेड्यापाड्यांत पोचला. आमच्या भावकीतले एक जण मागचे आकडे वहीत लिहून ठेवीत आणि ‘सात वीस दिवस आला नाही, उद्या येणार’ असे सांगत. वीस वेळा ओळीने सात न येण्याची संभाव्यता सुमारे ०.१२ असते. म्हणजे तसे घडणे मुळीच दुर्मीळ नाही. आणि एकविसाव्या वेळी सात येण्याची संभाव्यता पहिल्या दिवशी होती तेवढीच, दहात एक. त्यांच्या वहीतले अक्षर फार सुबक होते. पण तिच्यापायी तीन एकर रान गेले.

सरासरी आणि पोट

एखाद्या व्यवहारात मिळणाऱ्या प्रत्येक रकमेला तिच्या संभाव्यतेने गुणून सर्वांची बेरीज केली, की त्याला अपेक्षित मूल्य म्हणतात. समजा दहा आकड्यांपैकी एक निवडायचा आणि तो लागला तर रुपयाला नऊ रुपये मिळायचे. अपेक्षित मूल्य नऊ गुणिले एक दशांश, म्हणजे नव्वद पैसे. प्रत्येक रुपयामागे दहा पैसे खेळ चालवणाऱ्याचे. मिळालेली रक्कम पुन्हा लावायची, अशा दहा फेऱ्या केल्या, तर सरासरीने रुपयाचे पस्तीस पैसे उरतात. एखाद्याला एकदा लागतो आणि तो गावभर पेढे वाटतो. न लागलेले नऊ जण गावाला सांगत नाहीत.

पेरणीचाही असा हिशेब मांडता येईल. पुन्हा कल्पित आकडे घेऊ. एकरी खर्च सहा हजार. पीक आले तर पंधरा हजार, गेले तर कडब्याचे दोन हजार. हस्त पडला असेल तर अपेक्षित मूल्य ११,७५० येते. खर्च वजा जाता ५,७५० शिल्लक. हस्त कोरडा असेल तर ५,२५० येते, म्हणजे साडेसातशेचा तोटा. पेरणीपूर्वी आठ दिवस थांबून ओल पाहणाऱ्या शेतकऱ्याला आपण चिकट म्हणतो. खरे तर तो हा हिशेब न लिहिता करीत असतो.

पण इथे पुस्तक एक गोष्ट घाईने सोडून देते. ५,७५० ही सरासरी आहे. ती अनेक वर्षांनी हाती येते. दरम्यान चारांत एक वर्ष चार हजारांच्या खड्ड्याचे आहे, आणि ते पहिलेच असू शकते. ज्याच्याजवळ खड्डा ओलांडण्यापुरते धान्य आहे त्यालाच सरासरीपर्यंत पोचता येते. ज्याच्याजवळ नाही तो पहिल्याच फटक्याला बैल विकतो, आणि पुढच्या चांगल्या वर्षी त्याच्याकडे पेरायला बैल नसतात. गणित दोघांना एकच, पण फळ वेगळे.

एकट्याचे आणि सर्वांचे

मग उपाय काय? वाटून घेणे. समजा शंभर घरे आहेत आणि दरवर्षी त्यांतले एखादे घर जळते. प्रत्येकाने थोडी वर्गणी काढली तर जळलेले घर पुन्हा उभे राहते. विम्याचे तत्त्व हेच. पण ते चालते, कारण एक घर जळण्याचा दुसऱ्याशी संबंध नसतो. घटना स्वतंत्र असतात.

दुष्काळ तसा नसतो. माझे रान वाळते तेव्हा चुलत्यांचेही वाळलेले असते, आणि ज्या दुकानातून उधार आणायचे त्या दुकानाची उधारीही तेव्हाच थकलेली असते. गावातली उसनवारी आणि भिशी सुगीत उत्तम चालते. नेमकी गरज असते त्या वर्षी ती एकदम बंद पडते. यात माणसांचा कोतेपणा नाही. घटना स्वतंत्र नाहीत, एवढेच कारण आहे. म्हणून पिकाच्या विम्याला एक गाव किंवा एक तालुका पुरत नाही. जिथे पाऊस वेगळा पडतो असा फार मोठा मुलूख आणि अनेक वर्षे एकत्र बांधावी लागतात, आणि त्यासाठी सरकार लागते.

हा विचार आपल्या देशात मांडण्यात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर यांचा वाटा मोठा आहे. प्रत्येक शेताचे नुकसान वेगळे मोजण्याऐवजी एका विभागाचे सरासरी उत्पादन पाहावे, असे क्षेत्राधारित विम्याचे तत्त्व त्यांनी सुचवले. १९७९ साली त्यावर प्रायोगिक योजना सुरू झाली, १९८५ साली देशव्यापी, आणि पुढे १९९९ आणि २०१६ साली नव्या योजना आल्या. २०१६ च्या योजनेत शेतकऱ्याचा हप्ता खरिपाच्या अन्नधान्याला विमा रकमेच्या दोन टक्के आणि रब्बीला दीड टक्का ठरला. बाकीचा भार सरकारने उचलायचा.

विभागाचे सरासरी उत्पादन काढायचे तर सगळी शेते कापून मोजता येत नाहीत. काही शेते यादृच्छिक पद्धतीने निवडायची, त्यांत ठरावीक आकाराचा तुकडा आखायचा आणि तेवढाच कापून मळून तोलायचा. या पीक कापणी प्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धत आपल्या देशात रुजवणारे पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. तलाठी आणि कृषी सहायक बांधावर दोरी लावून तुकडा आखताना दिसले, की लोकांना तो सरकारी सोपस्कार वाटतो. रस्त्याकडेचे चांगले शेत सोयीने निवडले तर सरासरी फुगते आणि साऱ्या मंडळाची भरपाई बुडते. म्हणजे ‘यादृच्छिक’ हा पुस्तकातला अवघड शब्द कोणाच्या तरी भाकरीचा प्रश्न आहे. या पद्धतीत एक उणीवही आहे. विभागाची सरासरी चांगली आली आणि एकट्याचेच पीक गेले, तर त्याच्या हाती काही पडत नाही. सरासरीच्या आधाराने न्याय करताना ही किंमत मोजावी लागते.

विमा नव्हता तेव्हा दुसरा मार्ग होता, वर्षांमध्ये वाटून घेण्याचा. सुगीचे धान्य पेवात घालायचे आणि दुष्काळात काढायचे. पंधराव्या शतकात बहामनी अमलात मंगळवेढ्याचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेला खुली केली, ही कथा महाराष्ट्रभर सांगतात. कथेतला विठू महाराचा चमत्कार भक्तांना प्रिय आहे आणि तो तसाच राहावा. पण अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला त्या कथेतली दुसरी गोष्टही मोठी वाटते. दुष्काळ पडला तेव्हा कोठार भरलेले होते. कोठार उघडायला दामाजींचे काळीज लागले, पण ते आधीच्या चांगल्या वर्षांत कोणीतरी भरून ठेवले होते.

अंदाज खोटा ठरतो का?

शेवटी एका नेहमीच्या तक्रारीबद्दल. हवामान खात्याने पावसाची संभाव्यता सत्तर टक्के सांगितली आणि पाऊस पडला नाही, की आपण खात्याला खोटे ठरवतो. पण सत्तर टक्के सांगणाऱ्याने तीस टक्केही सांगितलेलेच असतात. एका दिवसावरून असा अंदाज खराही ठरत नाही आणि खोटाही. ज्या ज्या दिवशी सत्तर टक्के सांगितले ते सगळे दिवस गोळा करावेत. त्यांत दहापैकी सातच्या आसपास दिवशी पाऊस पडला असेल तर अंदाज प्रामाणिक. आता मोसमाचा अंदाज देतानाही खाते सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका, जास्त अशा प्रत्येक शक्यतेची टक्केवारी देते. वर्तमानपत्राच्या मथळ्यात त्यातली एकच येते. बाकीच्या वाचण्याची सवय आपण लावून घ्यायला हवी.

संभाव्यता उद्या काय होणार हे सांगत नाही. ते ज्योतिषी सांगतात. उद्या काय होणार हे माहीत नसताना आज कसे वागावे, एवढेच ती सांगते. कोणी आकडा सांगितला की तीन प्रश्न विचारावेत. कितीपैकी किती? या घटना एकमेकींशी बांधलेल्या आहेत की सुट्या? आणि उलटे झाले तर ते सोसायला घरात काय आहे? पहिले दोन प्रश्न आमच्या पाठ्यपुस्तकात आहेत. तिसरा मला घरी मिळाला. परीक्षेत तिन्ही उपयोगी पडतीलच असे नाही. पण सुटीत गावी गेल्यावर पेरणीच्या किंवा कर्जाच्या बोलण्यात आपण हे प्रश्न विचारले, आणि वडीलधाऱ्यांनी ते ऐकून घेतले, तर आपल्या शिक्षणाचा घराला पहिला उपयोग झाला असे समजायला हरकत नाही.